'लॉल' कुळातील औषधे

घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या औषधांच्या डब्यात एकदा डोकावून पाहा. (गोळ्यांना हात मात्र लावू नका!) प्रत्येक पाकिटावर कंपनीने दिलेले ठळक नाव असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव छापलेले असते. हे बारीक नाव वाचण्याची सवय लावून घेण्यासारखी आहे. घरात कोणाला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, कार्व्हेडिलॉल यांपैकी एखादे नाव सापडण्याचा बराच संभव आहे. सगळ्यांच्या शेवटी 'लॉल' आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. ते त्यांचे आडनाव समजा. ही सारी 'बीटा-रोधक' या एकाच कुळातील औषधे आहेत.

आडनाव एक म्हणून गुणही एकच असतील का? दहा जणांना एक गोळी आणि दहा जणांना दुसरी देऊन महिन्याने दाब मोजला, आकडे सारखे आले, म्हणजे दोन्ही औषधे सारखीच ठरली, असे म्हणता येईल का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला चाळीसएक वर्षे लागली, आणि त्या उत्तरातला एक महत्त्वाचा भाग आपल्या भौतिकीच्या पुस्तकातला आहे.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. डॉक्टर '१२० वर ८०' असे सांगतात तेव्हा वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा आणि खालचा ते सैल पडतानाचा दाब असतो. हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. तेव्हा १२० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटर पाणी, म्हणजे जवळजवळ तुमच्या उंचीइतका पाण्याचा स्तंभ. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत काचेची लांब नळी बसवून हा दाब प्रत्यक्ष पाहिला होता. नळीत रक्त आठ फूट तीन इंच चढले. हे वर्णन त्याने १७३३ साली छापले. आपल्या दंडाला पट्टा बांधून भागते, हे आपले भाग्यच म्हणायचे!

हा दाब ठरतो कशावर? विद्युत्-मंडलात विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध, हे तुम्हांला ठाऊक आहे. रक्ताच्या बाबतीत सरासरी दाब म्हणजे हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारे रक्त गुणिले बारीक रोहिण्यांचा रोध. हृदयाचे मिनिटाला ७० ठोके आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त धरले तर मिनिटाला ४.९ लिटर रक्त होते. दाब उतरवायचा तर प्रवाह कमी करा किंवा रोध कमी करा. हे सूत्र सरासरीपुरते खरे आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवा. बॅटरीतून येणारी वीज एकसारखी वाहते. हृदयाचे तसे नसते. ते धक्क्याधक्क्याने रक्त ढकलते. या फरकाकडे आपल्याला परत यायचे आहे.

रस्त्यात कुत्रा अंगावर धावून आला, की तुमची छाती धडधडू लागते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी ॲड्रेनलिन नावाचे रसायन रक्तात सोडलेले असते, आणि मज्जातंतूंच्या टोकांतूनही त्याचे सख्खे भावंड शोभावे असे रसायन हृदयापाशी सुटलेले असते. हृदयाचे ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्याचा जोर वाढतो. पण याच ॲड्रेनलिनने काही रक्तवाहिन्या आवळतात तर काही सैल पडतात, श्वासनलिका रुंदावतात. एकच रसायन एका ठिकाणी आवळण्याचे आणि दुसऱ्या ठिकाणी सोडण्याचे काम कसे करते, हे कोडे होते. अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानातले रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली त्याचे उत्तर सुचवले. ॲड्रेनलिन आणि तिच्यासारखी काही रसायने वेगवेगळ्या अवयवांवर किती जोराने काम करतात याची त्यांनी क्रमवारी लावून पाहिली. क्रम दोनच प्रकारचे निघाले. म्हणून पेशींवर हा निरोप घेणारे ग्राही दोन प्रकारचे असावेत, असे त्यांनी मांडले आणि त्यांना आल्फा व बीटा अशी नावे दिली. त्या वेळी ग्राही कोणी पाहिलेला नव्हता, आणि कित्येकांना ही नुसती कल्पनाच वाटली.

स्कॉटलंडमधील जेम्स ब्लॅक यांना मात्र ती उपयोगाची वाटली. हृदयाला रक्तपुरवठा करणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या, की श्रम करताना छातीत कळ येते. तिला हृदयशूळ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे हृदयाकडे जास्त रक्त पोचवणे, अशीच सर्वांची समजूत होती. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला. पुरवठा वाढवता येत नसेल तर मागणी कमी करावी. पाण्याची टंचाई असेल तेव्हा आपण नवी विहीर खणेपर्यंत थांबत नाही, आधी सांडलवंड थांबवतो, तसेच हे. हृदयावरचे बीटा ग्राही अडवले तर ॲड्रेनलिनचा हुकूम हृदयापर्यंत पोचणार नाही, ते सावकाश चालेल आणि त्याला प्राणवायू कमी लागेल. १९५८ साली ते इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत दाखल झाले आणि या कामाला लागले. पहिले औषध प्रोनेथॅलॉल; पण त्याने उंदरांमध्ये गाठी होतात असे दिसल्यावर ते बाजूला ठेवावे लागले. १९६४ साली प्रोप्रॅनोलॉल जाहीर झाले. या आणि पुढे आम्लपित्तावरच्या औषधाच्या कामासाठी ब्लॅक यांना १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

गंमत अशी, की या साऱ्यात रक्तदाबाचा विचारच नव्हता. ब्रायन प्रिचर्ड या लंडनमधील डॉक्टरांना ही औषधे देताना आढळले, की रुग्णांचा दाबही उतरतो. १९६४ सालीच त्यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर ते प्रसिद्ध केले. पुष्कळांचा विश्वास बसेना, कारण गोळी घेतल्याबरोबर दाब फारसा उतरत नाही. हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी झाले, की शरीर रोहिण्या आवळून रोध वाढवते आणि आपल्या सूत्रातला गुणाकार जवळजवळ तेवढाच ठेवते. काही दिवसांनी हा वाढलेला रोध खाली येऊ लागतो, आणि तेव्हा दाब उतरतो. मूत्रपिंडातून रेनिन नावाचे एक द्रव्य रक्तात येते व त्यापासून सुरू होणाऱ्या साखळीने दाब चढतो. बीटा-रोधक हे रेनिनही कमी करतात. दाब उतरण्यामागे या दोन्ही गोष्टी आहेत.

औषध ग्राही अडवते म्हणजे काय करते? तुम्ही संगीत खुर्ची खेळला असाल. खुर्च्या म्हणजे ग्राही. ॲड्रेनलिनचा रेणू खुर्चीवर बसला, की पेशीच्या आत घंटा वाजते. बीटा-रोधकाचा रेणूही त्याच खुर्चीत बसतो, पण घंटा वाजवत नाही. नुसती जागा अडवतो. कोणाला किती खुर्च्या मिळतील हे दोघांच्या संख्येवर आणि खुर्चीला चिकटून राहण्याच्या चिकाटीवर ठरते. म्हणून हे औषध घेणारा माणूस जिना चढला तर त्याची नाडी वाढते, पण इतरांइतकी वाढत नाही. काही औषधे, उदाहरणार्थ पिंडोलॉल, खुर्चीत बसून घंटा अगदी हलकेच वाजवतात. त्यांनी विश्रांतीच्या वेळची नाडी फारशी मंदावत नाही.

एक आडनाव, निराळे स्वभाव

१९६७ साली आणखी एक भेद उघड झाला. बीटा ग्राहीही दोन प्रकारचे आहेत. हृदयावर मुख्यतः बीटा-१ असतात. श्वासनलिकांवर व काही रक्तवाहिन्यांवर बीटा-२. प्रोप्रॅनोलॉल दोन्हींना सरसकट अडवते. दमेकऱ्याच्या श्वासनलिका ज्या बीटा-२ ग्राहींच्या जोरावर मोकळ्या राहतात तेच अडवले गेले तर त्याचा श्वास कोंडतो, आणि हे जिवावर बेतू शकते. तेव्हा फक्त बीटा-१ अडवणारी औषधे हवी होती. त्यांतले पहिले म्हणजे प्रॅक्टोलॉल. ते मोठ्या आशेने वापरात आले. पण काही वर्षांतच ते घेणाऱ्या काही रुग्णांचे डोळे कोरडे पडून दृष्टीला अपाय झाला, काहींच्या पोटातील आवरण जाड होऊन आतडी आवळली गेली. १९७० च्या दशकातच ते मागे घ्यावे लागले. प्राण्यांवरील तपासणीत यातले काहीही दिसले नव्हते. औषध बाजारात आल्यावरही त्यावर नजर ठेवावी लागते, हे डॉक्टर मंडळींना ज्या प्रकरणांनी शिकवले त्यांत याची गणना होते.

त्यानंतर ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल आली. यांना निवडक बीटा-रोधक म्हणतात. निवडक हा शब्द मात्र जपून वाचावा. मात्रा वाढवली, की हीही बीटा-२ च्या खुर्च्यांवर जाऊन बसू लागतात. म्हणून दमा असलेल्या माणसाबाबत डॉक्टर येथेही सावध असतात.

दुसरा भेद विरघळण्याचा आहे. प्रोप्रॅनोलॉल चरबीत सहज विरघळते. मेंदूभोवतीचे संरक्षक आवरण चरबीयुक्त असल्याने ते मेंदूत शिरते. त्यामुळे काहींना झोप नीट लागत नाही, विचित्र स्वप्ने पडतात. पण अर्धशिशीवर आणि हातांच्या कंपावर ते उपयोगी पडते. हाताचा कंप थांबतो म्हणून नेमबाजीत बीटा-रोधकांना बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल सापडले आणि त्याची दोन पदके काढून घेण्यात आली. ॲटेनोलॉल याउलट पाण्यात विरघळते. ते मेंदूत फार कमी शिरते आणि न बदलता मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे अधू असतील तर ते रक्तात साठत जाते, म्हणून मात्रा कमी करावी लागते. प्रोप्रॅनोलॉलचा निचरा यकृत करते. पोटातून घेतलेल्या मात्रेचा सुमारे पाव हिस्साच यकृत ओलांडून पुढे जातो. मेटोप्रोलॉलही यकृतातच मोडते, पण ते मोडणारे विकर (एन्झाइम) काहींच्या शरीरात जन्मतःच मंद असते. त्यामुळे दोघांनी एकच गोळी घेतली तरी त्यांच्या रक्तातील औषधात पुष्कळ फरक पडू शकतो.

येथे मिलिग्रॅमविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण दुकानात उभे राहून लोक नेमकी ह्याचीच तुलना करतात. "माझी पन्नासची गोळी, तुमची पाचचीच?" ॲटेनोलॉल ५० मिलिग्रॅम दिले जाते, बिसोप्रोलॉल किंवा नेबिव्होलॉल ५ मिलिग्रॅम, तर प्रोप्रॅनोलॉल दिवसाला ८० ते १६० मिलिग्रॅमही लागते. याचा अर्थ पाचची गोळी दहापट सौम्य, असा मुळीच नव्हे. तिचा रेणू खुर्चीला अधिक घट्ट धरतो, म्हणून थोडक्यात भागते, इतकेच.

दंडावरचा दाब आणि हृदयाजवळचा दाब

ॲटेनोलॉल १९७६ सालापासून वापरात आले. दिवसातून एक गोळी, किंमत थोडी, मेंदूला त्रास कमी. ते जगभर पसरले आणि आपल्याकडेही घरोघर पोचले. दाब उतरत होता, म्हणजे काम होत होते, असे सर्वांनी धरून चालले.

पण दाब उतरवायचा कशासाठी? मापकावरचा आकडा गोंडस दिसावा म्हणून नव्हे. मेंदूतील रक्तवाहिनी फुटून किंवा बंद पडून पक्षाघात होऊ नये, हृदय निकामी होऊ नये, यासाठी. तेव्हा खरी परीक्षा पक्षाघाताच्या संख्येवरच घ्यायला हवी. २००२ साली 'लाइफ' नावाच्या चाचणीचा निकाल आला. तीत ९,१९३ रुग्ण होते. निम्म्यांना लोसार्टन या वेगळ्या कुळातील औषधावर ठेवले होते, निम्म्यांना ॲटेनोलॉलवर. दाब दोन्हीकडे जवळजवळ सारखाच उतरला. पण पक्षाघात लोसार्टनच्या गटात २५ टक्के कमी झाले. २००५ साली 'ॲस्कॉट' ही त्याहून मोठी, १९,२५७ रुग्णांची चाचणी जाहीर झाली. एका गटाला ॲम्लोडिपिन, दुसऱ्याला ॲटेनोलॉल, आणि गरजेप्रमाणे जोडीला दुसरे औषध. ॲम्लोडिपिनच्या गटात पक्षाघात २३ टक्के कमी झाले, आणि चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. त्याच वर्षी स्वीडनमधील संशोधकांनी अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला. रिकाम्या गोळीच्या तुलनेत बीटा-रोधकांनी पक्षाघात १९ टक्क्यांनी कमी होतात, पण दाबावरच्या इतर औषधांच्या तुलनेत धोका १६ टक्क्यांनी जास्त राहतो. म्हणजे औषध निरुपयोगी नव्हते. मापकावर ते जेवढे चांगले दिसत होते तेवढे चांगले नव्हते.

दाब सारखा, मग फळ वेगळे का? ॲस्कॉटमध्ये दाबात थोडा फरक होता, सरासरी २.७ मिलिमीटरचा, पण तेवढ्याने सगळा हिशोब जुळत नाही. येथे आपले मघाचे धक्क्याधक्क्याचे हृदय आठवा.

एक दोर खिडकीच्या गजाला बांधा, ताणून धरा आणि हाताने एक झटका द्या. लाट गजापर्यंत जाते आणि परत तुमच्या हाताकडे येते. हृदयाचा प्रत्येक ठोका महारोहिणीत अशीच दाबाची लाट सोडतो. (ही लाट म्हणजे रक्ताचा प्रवाह नव्हे; रक्त मागाहून सावकाश येते, लाट रोहिणीच्या भिंतीवरून पुढे धावते. मनगटावर आपण जी नाडी पाहतो ती ही लाट होय.) रोहिण्या जेथे फुटून बारीक होतात तेथून तिचा काही भाग परावर्तित होतो. समजा, परावर्तन हृदयापासून अर्ध्या मीटरवर होते. तरुणाच्या लवचीक रोहिण्यांत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर असतो. जाऊन येऊन एक मीटर, म्हणजे ०.२ सेकंद. वय वाढले, रोहिण्या ताठर झाल्या, की वेग १० मीटरवर जातो आणि लाट ०.१ सेकंदातच परत येते. हृदयाचे आकुंचन सुमारे ०.३ सेकंद चालते. लवकर परतलेली लाट आकुंचन जोरात असतानाच मूळ लाटेवर स्वार होते आणि हृदयाजवळचा वरचा दाब आणखी चढवते.

आता ॲटेनोलॉलने नाडी मंद केली. ठोका लांबला, आकुंचनाचा काळही थोडा लांबला. परतणाऱ्या लाटेला आकुंचन संपण्याच्या आत पोचायला जास्तच अवकाश मिळाला. शिवाय ॲटेनोलॉल बारीक रोहिण्या सैल करत नाही, त्यामुळे परावर्तन कमी होत नाही. ॲम्लोडिपिन त्या सैल करते, आणि परत येणारी लाटच लहान होते. हा सगळा खेळ महारोहिणीत चालतो. दंडावरच्या पट्ट्याला त्याचा पुरता पत्ता लागत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या मात्र महारोहिणीपासून लगेच फुटतात!

हे केवळ तर्काचे नव्हे. ॲस्कॉटमधील २,०७३ रुग्णांच्या मनगटावरील नाडीच्या लाटेची नोंद घेऊन त्यावरून हृदयाजवळचा दाब काढण्यात आला. २००६ साली हे 'कॅफे' नावाने प्रसिद्ध झाले. दंडावरच्या वरच्या दाबात दोन गटांत एका मिलिमीटरचाही फरक नव्हता; हृदयाजवळ मात्र ॲम्लोडिपिनच्या गटाचा दाब ४.३ मिलिमीटरने कमी होता. पक्षाघातातील सारा फरक याच कारणाने पडला असे म्हणणे धाडसाचे होईल, पण कारणांपैकी हे एक जोरदार कारण आहे. भौतिकीच्या माणसाला त्यात विशेष आनंद वाटावा हे साहजिक आहे. जे मोजले ते कोठे मोजले, हा आमचा नेहमीचाच प्रश्न!

२००६ साली ब्रिटनने उच्च रक्तदाबाच्या पहिल्या पसंतीच्या औषधांतून बीटा-रोधकांना खाली उतरवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांतही सुरुवातीची औषधे म्हणून इतर कुळेच आहेत. पण हा प्रश्न एका बाजूने मिटलेला नाही, कारण मोठ्या चाचण्या बहुतांशी ॲटेनोलॉलच्याच झाल्या. कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉल ही बीटाबरोबर आल्फा ग्राहीही अडवतात. रोहिण्या आवळणारा निरोपच पोचत नाही आणि त्या सैल पडतात. (नावांत 'ओलॉल'ऐवजी 'इलॉल', 'आलॉल' आहे, ते यामुळेच.) नेबिव्होलॉल रोहिणीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सोडवून तोच परिणाम घडवते. ॲटेनोलॉलचा दोष यांच्या माथी मारावा का? युरोपातील उच्च रक्तदाबाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली बीटा-रोधकांना पुन्हा प्रमुख औषधांत बसवले.

आणि दाबाशिवाय दुसरा काही आजार जोडीला असेल तर निवड पार बदलते. हृदयशूळ असेल, ठोके अनियमित व जलद पडत असतील, तर हीच औषधे कामाची. गरोदरपणात दाब चढला तर लॅबेटालॉल वापरतात. सर्वांत आश्चर्याची गोष्ट दुबळ्या हृदयाची. थकलेल्या हृदयाला आणखी मंद करणे म्हणजे दगावणे, म्हणून तेथे बीटा-रोधक वर्ज्य होते. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांवर उलट प्रयोग केला आणि त्यांची हृदये सुधारलेली दिसली. पुष्कळ वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९९९ साली ३,९९१ रुग्णांच्या चाचणीत हळूहळू सुटणाऱ्या मेटोप्रोलॉलने मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र येथेही आडनाव पुरत नाही. या कामासाठी सिद्ध झालेली नावे मोजकीच आहेत, आणि ॲटेनोलॉल त्यांत नाही.

मधुमेह्याच्या घरी एक गोष्ट ठाऊक असावी. रक्तातील साखर फार उतरली, की छाती धडधडते, हात कापतात, आणि त्यावरून माणूस सावध होतो. बीटा-रोधक ही धडधड व कंप झाकून टाकतात. घाम मात्र सुटतोच. तेव्हा अशा माणसाला अचानक घाम फुटला तर साखरेची शंका आधी घ्यावी.

शेवटची बाब गोळी बंद करण्याची. खुर्च्या सतत अडलेल्या राहिल्या, की पेशी नव्या खुर्च्या मांडू लागते. ग्राहींची संख्या वाढते. औषध चालू असेपर्यंत हे जाणवत नाही. पण गावी जाताना पाकीट घरी राहिले, किंवा दाब ठीक आला म्हणून गोळी एकदम सोडली, की सगळ्या खुर्च्या, जुन्या आणि नव्या, ॲड्रेनलिनसाठी मोकळ्या होतात. नाडी उसळते, दाब चढतो, आणि ज्याच्या हृदयाच्या रोहिण्या अरुंद आहेत त्याला हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून हे औषध बंद करायचे किंवा बदलायचे झाले, तर डॉक्टर एकदोन आठवडे घेऊन मात्रा पायरीपायरीने उतरवतात. तेवढ्या अवधीत ग्राहींची वाढलेली संख्या पुन्हा खाली येते.